भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील ऊर्फ कर्मवीर भाऊराव पाटील (जन्म : कुंभोज, कोल्हापूर जिल्हा, २२ सप्टेंबर १८८७, मृत्यू : पुणे, ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. शेतकरी, शेतमजूर, बलुतेदार आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना शिक्षण मिळावे, आणि ते दयेचे दान म्हणून नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या श्रमाच्या बळावर मिळावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. सर्व जातिधर्मांच्या मुलांची एकत्र वसतिगृहे, कमवा आणि शिका ही योजना, ग्रामीण शिक्षकांचे प्रशिक्षण आणि खेड्यापाड्यांतील माध्यमिक शाळा हे त्यांचे प्रमुख कार्य. भारत सरकारने १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. कर्मवीर ही पदवी मात्र त्यांना जनतेने दिली आणि तीच त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव जैन समाजाच्या वस्तीसाठी ओळखले जाते. पाटील घराणे मूळचे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. हा भाग त्या काळी सातारा जिल्ह्यात होता, आता तो सांगली जिल्ह्यात आहे. वडील पायगोंडा हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कारकून होते. आईचे नाव गंगाबाई. घराणे दिगंबर जैन आणि शेतकरी. घरात व्रतवैकल्ये व सोवळेओवळे कसोशीने पाळले जाई.

वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण एका गावी सलग झाले नाही. अभ्यासापेक्षा त्यांचा ओढा कुस्ती, पोहणे आणि सवंगड्यांच्या मेळाव्याकडे अधिक होता. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. जातिभेदाविषयीची त्यांची चीड पुस्तकी नव्हती, ती लहानपणच्या अनुभवातून आली होती, हे पुढील आयुष्यावरूनही दिसते.

कोल्हापुरातील शिक्षण

१९०२ मध्ये भाऊराव इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरला आले आणि राजाराम हायस्कुलात दाखल झाले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या काळचे कोल्हापूर हे शिक्षणाच्या दृष्टीने वेगळे शहर होते. राजर्षी शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले होते. खेड्यातील मुलगा केवळ शहरात राहण्याखाण्याची सोय नाही म्हणून शिक्षणाला मुकतो, हे महाराजांनी ओळखले होते. या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडणारी शेतकऱ्यांची मुले भाऊरावांनी डोळ्यांनी पाहिली.

१९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा जैन बोर्डिंगचा आग्रह होता. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे हेच लठ्ठे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि नंतर मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बोर्डिंगमधून निघालेल्या भाऊरावांना शाहू महाराजांच्या छायेत आसरा मिळाला. महाराजांचा साधेपणा, सर्व जातींच्या माणसांत त्यांचे मिसळणे आणि शिक्षणावरील त्यांचा भर यांचा संस्कार या काळात भाऊरावांवर झाला.

शालेय परीक्षांत मात्र त्यांना यश आले नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले, त्याच्या स्वतःच्या हाती मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते. याच सुमारास त्यांचा विवाह कुंभोजच्या आदाक्का यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले.

डांबर प्रकरण

शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्याला गेले आणि शिकवण्या करू लागले. तेथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१०च्या सुमारास मित्रांच्या साहाय्याने त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्याच्या कामातही भाग घेतला. सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा त्यांचा हा पहिला प्रयत्न होता.

१९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. त्या वेळी दरबार आणि लठ्ठे यांच्यात वितुष्ट आलेले होते. या कृत्यामागे लठ्ठे आहेत अशी साक्ष भाऊरावांनी द्यावी, म्हणून त्यांच्यावर दबाव आणण्यात आला. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. तेव्हा त्यांनाच या प्रकरणात गोवून अटक करण्यात आली. कोठडीत त्यांचा छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर त्यांची सुटका झाली.

या प्रकरणाला भाऊरावांच्या आयुष्यात विशेष महत्त्व आहे. ज्या लठ्ठ्यांच्या बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्यांच्याविरुद्ध खोटे बोलण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला. आणि ज्या दरबाराच्या अधिकाऱ्यांकडून हा छळ झाला, त्या दरबाराच्या अधिपतीविषयी मनात डूख धरला नाही. पुढे आपल्या पहिल्या मोठ्या वसतिगृहाला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले. व्यक्तीने दिलेला त्रास आणि त्या व्यक्तीचे समाजावरील ऋण या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

फिरता विक्रेता

सुटकेनंतर उपजीविकेसाठी भाऊरावांनी कारखानदारीशी संबंध जोडला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगले यांच्या कारखान्यातील काचसामान यांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याने लाकडी नांगर सोडून लोखंडी नांगर घ्यावा, हे त्याला पटवून देणे सोपे नव्हते. बाजाराच्या गावी, जत्रेत, चावडीवर, शेताच्या बांधावर बसून त्यांना बोलावे लागे. या भटकंतीत त्यांनी पश्चिम महाराष्ट्राचे खेडे आतून पाहिले. कर्जात बुडालेले कुणबी, सावकाराच्या वहीवर न वाचताच उठवलेले अंगठे, गावकुसाबाहेरची वस्ती आणि चौथीनंतर गुरांमागे जाणारी मुले त्यांनी पाहिली. दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हा महात्मा फुले यांचा विचार त्यांनी या भ्रमंतीत पडताळून घेतला.

पुढे त्यांनी साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांना कारखाना उभारण्यात मोठे साहाय्य केले. कारखान्याच्या उत्पन्नाचा काही वाटा बहुजनांच्या शिक्षणासाठी मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, तेव्हा त्यांनी हा संबंध तोडला. भांडवलदाराच्या कृपेवर शिक्षणाचे काम उभे राहणार नाही, ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच घामावर उभे राहील, हा धडा त्यांनी यातून घेतला, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून म्हणता येते.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

या काळात भाऊराव सत्यशोधक समाजाच्या कार्यात सक्रिय होते. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये सत्यशोधक समाजाची परिषद भरली. बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी एक संस्था काढावी, असा विचार तेथे पक्का झाला. त्यानुसार ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि छोटे वसतिगृह सुरू करण्यात आले.

संस्थेचे नावच तिच्या हेतूचे द्योतक होते. रयत म्हणजे राज्याला सारा देणारी, कसणारी, राबणारी प्रजा. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करणे, त्यांतील गरीब मुलांना शक्य तितके मोफत शिक्षण देणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढवणे, अयोग्य रूढींना फाटा देणे आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी व उत्साही बनवणे ही तिची उद्दिष्टे होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह ठरले. फांद्यांतून पारंब्या उतरतात, त्या जमिनीत रुजून स्वतःच खोड बनतात. शाखांच्या विस्ताराची ही कल्पना पुढे शब्दशः खरी ठरली.

भाऊरावांनी आधी शाळा काढली नाही, वसतिगृह काढले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी बहुतेक खेड्यांत शिक्षण प्राथमिक इयत्तांतच संपे. हायस्कूल जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी असे. शहरात ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवण्याची परंपरागत सोय होती. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य कुटुंबातील मुलाला तशी सोय नव्हती. त्याला खोली कोणी देत नसे आणि खाणावळीचे पैसे त्याच्याजवळ नसत. शाळा असूनही दार बंद होते, आणि ते उघडण्याची किल्ली वसतिगृह ही होती. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात भाऊरावांनी हे पाहिले होते. मात्र कोल्हापुरातील बहुतेक वसतिगृहे जातवार होती. भाऊरावांनी सर्व जातींना एका छपराखाली आणि एका पंगतीत आणले. त्यांच्या कार्याचे वेगळेपण येथेच सुरू होते.

सातारा येथील शाहू बोर्डिंग

१९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. आरंभी मोजकीच मुले होती आणि त्यांचे बिऱ्हाड भाऊरावांच्या घरातच होते. संख्या वाढली तसे वसतिगृह धनिणीच्या बागेत गेले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांतील मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. सार्वजनिक पाणवठ्यावरून अस्पृश्यांना हुसकावले जाण्याचा तो काळ होता. या पार्श्वभूमीवर महाराचा मुलगा भाकरी थापतो आणि पाटलाचा मुलगा ती खातो, हे दृश्य साताऱ्याला नवे होते.

बोर्डिंगचा दिनक्रम कष्टाचा होता. दळण, पाणी, सरपण, झाडलोट, स्वयंपाक ही सर्व कामे मुले पाळीने करीत. शाळा सुटल्यावर शेतात किंवा बांधकामावर राबत. सुटीच्या दिवशी भाऊराव मुलांसह आसपासच्या गावांत जात आणि सुगीच्या दिवसांत धान्य गोळा करीत. घराघरांतील बायकांनी दळण्यापूर्वी मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी रूढ केली. रोख पैसा नसलेल्या समाजाकडून मदत मिळवण्याचा हा मार्ग व्यवहार्य होता. त्याचा दुसराही परिणाम झाला. मूठभर जोंधळा देणाऱ्या बाईला ती संस्था आपली वाटू लागली, आणि आज ना उद्या आपलेही पोर तिथे धाडावे असे तिच्या मनात येऊ लागले.

लक्ष्मीबाईंचा वाटा

बोर्डिंगची कहाणी लक्ष्मीबाईंच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही. त्या कर्मठ जैन घरात वाढल्या होत्या. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या स्त्रीला सर्व जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात वावरताना पाहणे सुरुवातीला जड गेले. परंतु पुढे त्या मुलांच्या आई झाल्या. आजारी मुलांची शुश्रूषा, रुसलेल्यांची समजूत, सणावाराचे गोडधोड हे सारे त्यांनी आपले मानले.

बोर्डिंगच्या खर्चासाठी त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव देणग्यांसाठी बाहेरगावी असताना बोर्डिंगमधील धान्य संपले. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. त्या काळच्या सुवासिनीच्या दृष्टीने या कृतीचा अर्थ काय होता, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. बोर्डिंगमध्ये पुढे आलेल्या भरभराटीचा काळ त्यांना पाहता आला नाही. रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेत मात्र त्यांचे स्थान संस्थापकाच्या बरोबरीने मानले जाते.

कार्याचा विस्तार

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू झाले. महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात त्याच वर्षी पुणे करार झाला होता. सवर्ण आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांचे ऐक्य हा या वसतिगृहाचा हेतू नावातूनच व्यक्त होत होता.

१९३५ मध्ये रयत शिक्षण संस्थेची कायद्यानुसार नोंदणी झाली. त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय निघाले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. या पावलामागे स्पष्ट विचार होता. मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेल्या खेड्यातील मुलाला प्राथमिक शिक्षक होता येत असे. असा मुलगा शिकून आपल्याच भागात परतला तर त्याला मुलांची भाषा, शेतीची कामे आणि गावची अडचण ठाऊक असे. शहरातून बदलीने आलेला आणि परतीची वाट पाहणारा शिक्षक ते करू शकत नसे.

१९३७ नंतर प्रांतिक सरकारने शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. त्याचा पुरेपूर लाभ घेऊन संस्थेने डोंगराळ आणि आडवळणाच्या वाड्यावस्त्यांवर अशा शेकडो शाळा उघडल्या. देवळाच्या ओसरीत, चावडीत, गोठ्याच्या एका भागात वर्ग भरत. कालांतराने या शाळा शासकीय व्यवस्थेकडे सोपवण्यात आल्या.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. कमवा आणि शिका या तत्त्वावर चालणारे हे निवासी हायस्कूल होते. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर किंवा उद्योगशाळेत काम करावे आणि त्या मोबदल्यात त्याची फी, निवास व भोजन यांचा खर्च भागावा, अशी ही रचना होती. तिच्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पैशांअभावी कोणी शिक्षण सोडू नये ही पहिली. शिकलेल्या मुलाने अंगमेहनतीला कमी लेखू नये ही दुसरी. भाऊरावांच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची होती, कारण शिकून पांढरपेशा झालेला मुलगा बापाच्या नांगराची लाज बाळगू लागला तर समाजाची एक दरी बुजताना दुसरी पडते, हे त्यांना दिसत होते.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. येथेही श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची सोय होती. विद्यार्थ्यांनी खडी फोडली, रस्ते तयार केले, इमारतीचे दगड वाहिले. महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली असता भाऊरावांनी ती नाकारली, अशी आठवण या संदर्भात सांगितली जाते.

अनुदानबंदीचा काळ

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर गांधीजींच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. परंतु त्याच वर्षी संस्थेवर मोठे संकट आले. भाऊरावांच्या सरकारवरील स्पष्ट टीकेमुळे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण या अनुदानावर अवलंबून होते.

माघार घेऊन माफी मागावी, किंवा काही शाखा बंद कराव्यात, असे दोन मार्ग समोर होते. भाऊरावांनी यांपैकी कोणताही स्वीकारला नाही. ते पुन्हा गावोगाव फिरू लागले. शेतकऱ्यांनी धान्य दिले, माजी विद्यार्थ्यांनी पगारातला वाटा दिला, शिक्षक अपुऱ्या वेतनावर काम करीत राहिले. संत गाडगे महाराज भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांनी सरकारकडे रदबदली केली. अखेर सरकारने निर्णय बदलला आणि अनुदान सुरू झाले. या संकटातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारी मदत थांबली तरी ही संस्था कोसळली नाही, कारण तिचा पाया सरकारी तिजोरीत नव्हता.

१९५४ मध्ये कराड येथे संस्थेचे दुसरे महाविद्यालय सुरू झाले. त्याला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव देण्यात आले. १९५५ मध्ये साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मौलाना आझाद यांच्या नावाने महाविद्यालय निघाले. भाऊरावांच्या अखेरच्या काळात संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभराच्या घरात गेली होती. संस्थांना दिलेली नावे पाहिली तरी त्यांची दृष्टी कळते. शाहू, फुले, सयाजीराव, शिवाजी, गांधी, गाडगे महाराज, आझाद अशी ही मालिका आहे. स्वतःचे नाव त्यांनी एकाही शाखेला दिले नाही.

व्यक्तिमत्त्व

भाऊराव उंचेपुरे, भरदार शरीरयष्टीचे होते. पांढरी दाढी, खादीचा सदरा, हातात काठी अशी त्यांची मूर्ती उत्तरायुष्यात सर्वपरिचित झाली. बोलणे रोखठोक आणि खेडवळ वळणाचे असे. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते, परंतु रात्री झोपलेल्या मुलांच्या अंगावर पांघरूण घालत फिरणारा माणूसही तोच होता, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले आहे. ते सत्यशोधक होते, तरी जातिद्वेषाला त्यांनी थारा दिला नाही. त्यांच्या संस्थेत ब्राह्मण शिक्षकही होते. गांधीजींविषयी त्यांना गाढ श्रद्धा होती, परंतु काँग्रेस सरकारवर टीका करताना ती आड आली नाही.

स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात संस्थेचा विस्तार मुलांच्या शिक्षणाइतका वेगाने झाला नाही, आणि सरकारी अनुदानाचे प्रमाण वाढत गेले तसा श्रमाचा भाग पुढे अनेक शाखांत कमी होत गेला, असे आक्षेप अभ्यासकांनी नोंदवले आहेत. कमवा आणि शिका ही योजना मात्र महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पुढे स्वीकारली आणि ती आजही अनेक महाविद्यालयांत चालू आहे.

सन्मान आणि अखेर

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण जाहीर केले. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मॅट्रिकपर्यंत न पोचलेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेला हा सर्वोच्च मान होता. त्या वेळी त्यांची प्रकृती फारच खालावली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सातारा येथे त्यांची समाधी आहे. भारतीय टपाल खात्याने १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वारसा

रयत शिक्षण संस्था आज महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि त्यांत प्राथमिक शाळांपासून महाविद्यालयांपर्यंत सर्व प्रकारच्या संस्थांचा समावेश होतो. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने समूह विद्यापीठ स्थापन झाले. २२ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस संस्थेच्या शाखांत दरवर्षी मिरवणूक आणि कार्यक्रमांनी साजरा होतो.

भाऊरावांच्या कार्याचा परिणाम रयत शिक्षण संस्थेपुरता मर्यादित राहिला नाही. संस्थेत कार्यकर्ते म्हणून घडलेले बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली. कोल्हापूर हे तिचे मुख्य केंद्र झाले आणि तिच्या शाखा पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील खेड्यांत पसरल्या. भाऊरावांच्या जन्मजिल्ह्यात इतर संस्थाही याच दिशेने उभ्या राहिल्या. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे १९५२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने मौनी विद्यापीठ निघाले. कागल तालुक्यातील बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात दूधसाखर महाविद्यालय उभे राहिले. या संस्था रयतच्या शाखा नाहीत आणि त्यांची घडण स्वतंत्र आहे. तरीही महाविद्यालय शहरातच असले पाहिजे असे नाही, ते ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या गावातही चालू शकते, ही गोष्ट या भागात आज कोणाला नवलाची वाटत नाही. भाऊराव १९०२ मध्ये शिकण्यासाठी कोल्हापूरला आले तेव्हा खेड्यातील मुलाला इंग्रजी शाळेसाठी गाव सोडावे लागत होते आणि राहायला जागा शोधावी लागत होती. त्यानंतरच्या अर्धशतकात ही परिस्थिती बदलण्यात ज्या थोड्या माणसांचा मोठा वाटा आहे, त्यांत भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.